अंगावर केमिकल पडलं तर पहिली वीस मिनिटं काय करायचं: सोलापुरात नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चिंचोळीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या डाईंगमध्ये तुम्ही नवीन लागलाय, किंवा वॉर्डातल्या आपत्तीच्या टीममध्ये नाव दिलंय, किंवा घरची द्राक्षबाग आहे आणि फवारणीला माणसं लावताय, तर हे तुमच्यासाठी आहे. माणसाच्या अंगावर घातक केमिकल पडलं की ते अंगावरून काढून टाकायचं, याला डिकॉन्टॅमिनेशन म्हणतात, बोलताना सगळे नुसतं डिकॉन म्हणतात. काम म्हणून बघितलं तर दोनच गोष्टी, कपडे काढणं आणि धुणं. पण होतं काय, अपघात झाला की सगळे घाबरतात, माणसाला तसाच भिजलेल्या कपड्यात रिक्षात घालतात आणि सिव्हिलला पळवतात, आणि पूर्ण रस्ताभर ते केमिकल कातडीत उतरत राहतं. दवाखान्यात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि बरोबर बसलेल्यालाही प्रसाद मिळालेला असतो.

मी डाईंगमध्ये सेफ्टीचं काम बघतो आणि नवीन पोरांना हेच शिकवतो. सोलापुरात डिकॉन अडतं ते दोन ठिकाणी, लाजेपायी आणि पाण्यापायी. कपडे काढायला माणूस तयार होत नाही, आणि नळाला पाणी रोज येत नाही. या दोन्हीची सोय अपघाताच्या आधी केलेली असली तरच खालचं सगळं उपयोगाचं, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणारे.

आधी स्वतःचा जीव वाचवा

कोणी पडलेला दिसला की धावत जायचं ही आपली सवय, आणि ती चांगलीच आहे, पण केमिकलमध्ये ती घात करते. गॅस असेल तर आधी थांबून वारं बघा. झाडाची पानं, रस्त्यावरची धूळ, कुठंतरी अडकलेली कॅरीबॅग कुठल्या दिशेला उडतीय ते बघा आणि वारं तुमच्या पाठीवर येईल असे उभे राहा. क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, तो खालच्या बाजूला, गटारीत, तळघरात, खड्ड्यात साचतो, म्हणून पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि उंचावर. कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण लिकेज झाला की थंडगार पांढऱ्या ढगासारखा जमिनीलगतच सरकतो, त्यामुळे हलका आहे वर जाईल म्हणून खाली बसून राहू नका.

तोंडाला रुमाल किंवा कोरोनातला एन-९५ मास्क बांधून गॅसमध्ये शिरायचं नाही, तो मास्क धुळीसाठी आहे, गॅस त्यातून सरळ आत येतो. आत शिरायचं काम फायर ब्रिगेडच्या बीए सेटवाल्यांचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जाणाऱ्यांचं. तीच गोष्ट ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीची आणि ड्रेनेजच्या चेंबरची, एक जण आत बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि मग तिसरा, असे एकामागं एक जीव जातात. बाहेरून दोर टाका, ओरडा, १०१ ला फोन लावा, उतरू नका.

अंगाला हात लावणाऱ्यानं काय घालायचं? रबरी किंवा नायट्राईलचे ग्लोव्हज, गमबूट, प्लॅस्टिकचा ॲप्रन, डोळ्याला गॉगल. ॲप्रन नसला तर साधा रेनकोट चालतो. चामड्याचे आणि सुती हातमोजे नको, ते केमिकल शोषून घेतात आणि तुमच्याच हाताला चिकटवून ठेवतात. पण एक सांगतो, ॲसिड किंवा कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा) पडलंय, माणूस शुद्धीवर आहे, चालतोय, तर ग्लोव्हज शोधत बसू नका, लांबून पाइप धरा आणि त्याला ओरडून सांगा की कपडे काढ आणि पाण्याखाली उभा राहा. स्वतःचं डिकॉन स्वतः करणारा माणूस सगळ्यात लवकर सुटतो. आणि ओरडायचं ते त्याला कळेल अशा भाषेत, आपल्याकडं पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारे किती आहेत, कन्नडवाले आहेत, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात घरचीच भाषा शिरते, तेव्हा प्रत्येक शिफ्टला दोन्ही-तिन्ही भाषा येणारा एकतरी माणूस या कामाला नेमून ठेवा.

काय सांडलंय ते एकानं बघायचं, बाकीच्यांनी थांबायचं नाही

धुणं सुरू झालं की एका माणसाला फक्त हे काम द्या. ड्रमवरचं लेबल, औषधाची बाटली, एमएसडीएसचा (केमिकलच्या सुरक्षेच्या माहितीचा) कागद, जे असेल त्याचा मोबाइलवर फोटो. एमएसडीएसमध्ये सोळा भाग असतात, त्यातला चौथा प्रथमोपचाराचा, नवीन माणसानं बाकी काही नाही वाचलं तरी आपल्या खात्यातल्या प्रत्येक केमिकलचा चौथा भाग वाचून ठेवावा. हायवेवर टँकर उलटला, पुणे-हैदराबाद असो की विजापूर रोड, तर टँकरच्या बाजूला आणि मागं माहितीची पाटी असते, त्यावर चार आकडी यूएन नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक ॲसिड, १७८९ हायड्रोक्लोरिक, १८२४ कॉस्टिक लाय, ११७० इथेनॉल, जे साखर कारखान्यांमुळं आपल्या रस्त्यावर रोज दिसतं. त्याच पाटीवर हॅझकेम कोड, म्हणजे अपघातात काय करायचं ते सांगणारी अक्षरं, असतो, त्याच्या शेवटी इंग्रजी ई अक्षर असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. हा नंबर लांबून, वाऱ्याच्या वरच्या बाजूनं, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचायचा आणि १०१ किंवा ११२ ला सांगायचा. पाटी वाचायला टँकरजवळ जायचं नाही, आणि बाटल्यांनी सांडलेलं इथेनॉल भरायला तर अजिबातच नाही.

कपडे

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथंच सगळ्यात जास्त फायदा आहे. अंगावर पडलेल्या केमिकलचा मोठा भाग कपड्यावर असतो, म्हणजे कपडे उतरवले की निम्म्याच्या वर काम झालं, पाण्याचा थेंबही न लागता. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पोचणाऱ्या पोलिसाला, फायरवाल्याला हेच शिकवतात, तिथून दूर हो, कपडे काढ, अंगावरचं टिपून काढ, आणि हे सगळं स्पेशल गाडी यायची वाट न बघता.

कपडे काढले नाहीत तर काय होतं त्याचं उदाहरण टोकियोचं. २० मार्च १९९५ ला तिथल्या मेट्रोत सारिन हा विषारी पदार्थ सोडला, एकट्या सेंट ल्यूक हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी ६४० रुग्ण आले, बरेचसे चालत, टॅक्सीनं, अंगावर तेच कपडे. नंतर हॉस्पिटलच्या स्टाफला विचारलं तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना स्वतःला त्रास झालेला होता, रुग्णांच्या कपड्यातून निघालेल्या वाफेनं. म्हणून दवाखान्याच्या दारात नाही, शक्य असेल तर जागेवरच कपडे निघायला पाहिजेत.

आता कसे काढायचे. शर्ट बटणाचा असेल तर बटणं तोडून मागं ओढा. टी-शर्ट किंवा बनियन डोक्यावरून काढायचा नाही, कारण त्यावरचं सगळं तोंडावरून, डोळ्यावरून, ओठावरून घासत जातं, कात्रीनं समोरून उभा कापा. डाईंगमध्ये कात्री प्रत्येक टेबलाला असते तरी एक कात्री लाल दोरीनं शॉवरपाशीच बांधून ठेवा. कपडा काढताना बाहेरची बाजू आत गुंडाळत न्या, झटकू नका. साडी असेल तर पदरापासून सोडवत खाली सोडा, परकराच्या नाडीची गाठ ओली झाली की सुटत नाही, सोडवत बसू नका, कापा. बुरखा, ओढणी, फेटा, डोक्याला बांधलेला टॉवेल, सगळं.

मग ते, जे सगळे विसरतात. करदोटा. मनगटातले गंडेदोरे. जोडवी. मंगळसूत्र. अंगठी, घड्याळाचा पट्टा, जानवं, गळ्यातलं ताईत. सुती दोरा केमिकल वातीसारखा शोषतो आणि तिथंच गोल चट्टा उठतो. मी बघितलंय, अख्खा माणूस नीट धुतलेला, आणि कमरेला करदोट्याखाली लाल पट्टा. देवाधर्माचा दोरा आहे म्हणून माणूस हात लावू देत नाही, त्याला शांतपणे सांगा की नंतर नवीन बांधू, आणि कापा. कॉन्टॅक्ट लेन्स लगेच निघत असतील तर काढायच्या, नाहीतर पाणी मारताना सुटतात. चप्पल, बूट, मोजे आणि पट्टा सगळ्यात शेवटी राहतात आणि बुटातच केमिकल साचलेलं असतं, गमबुटात तर वरून गळलेलं घोटभर पाणी असतं, तेव्हा पायापासून लक्ष हटू देऊ नका.

लाजेचं काय? हा प्रश्न फालतू नाही. बाई असेल तर ती चारचौघांत साडी सोडणार नाही, आणि तिनं का सोडावी? पुरुषसुद्धा चड्डीला हात लावू देत नाहीत. याच्यावर रागावून, ओरडून उपयोग नाही, आडोसा करून उपयोग आहे. आणि आपण सोलापुरात आहोत, चादरींचा दुष्काळ आहे का इथं? शॉवरपाशी दोन खांबांना दोरी आणि दोरीला जुन्या सोलापुरी चादरी, ओढली की पडदा. ते नसेल तर चार जणांनी पाठ आत करून चादर धरायची. बायकांसाठी बायकाच मदतीला, त्यांची नावं आधी ठरवून ठेवायची आणि त्यांनाही ग्लोव्हज-ॲप्रन घालायला शिकवायचं. धुऊन झाल्यावर गुंडाळायला कोरडी चादर आणि घालायला मॅक्सी, लुंगी, टी-शर्ट, एका बंद डब्यात, हे समोर दिसलं ना की माणूस कपडे काढायला लवकर तयार होतो. कोणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं तर त्याला तिथून घालवणं हेही डिकॉनचंच काम आहे, आणि ते एका आडदांड माणसाला नेमून द्या.

काढलेले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर नाव आणि वेळ. सोनं, मोबाइल, पैसे वेगळ्या पिशवीत नावानिशी, म्हणजे नंतर भांडण नाही.

टिपायचं, झाडायचं की पाणी मारायचं

पावडर असेल तर आधी झाडा. चुना, ब्लीचिंग पावडर, कॉस्टिकचे फ्लेक्स, हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट). विशेषतः साखर कारखान्यातला कळीचा चुना आणि डाईंगमधला हायड्रॉस, याच्यावर थोडंसं पाणी पडलं की तो तापतो, हायड्रॉस तर ओलाव्यानं आपोआप पेट घेतो आणि त्यातून गंधकाचा घुसमटवणारा वास सुटतो. म्हणून मऊ ब्रशनं किंवा कोरड्या कपड्यानं हलक्या हातानं, तोंडापासून लांबच्या दिशेला झाडायचं, आणि झाडून झालं की मग थेंब-थेंब नाही, धो-धो पाणी. झाडण्यात एखादं मिनिट घालवायचं, जास्त नाही.

तेलकट, चिकट द्रव असेल आणि तो जाळत नसेल, जसं बरीचशी कीटकनाशकं, सॉल्व्हंट, तर आधी टिपून घ्या. टिपायला टेरी टॉवेलसारखी गोष्ट नाही, त्याचे लूप पाणी जसं ओढतात तसं तेलही ओढतात, आणि आपल्याकडं सेकंडचा माल पोत्यानं पडलेला असतो. ठेवा, दाबा, उचला, नवीन तुकडा घ्या. घासायचं नाही, घासलं की पसरतं आणि आत जातं. लूमवरचं कॉटन वेस्टसुद्धा चालतं. पाणी कमी असेल तेव्हा तर हे टिपणं म्हणजे मोठा आधार आहे.

ॲसिड आणि कॉस्टिक असेल तर टिपायला थांबायचं नाही, सरळ पाणी. कडक सल्फ्युरिकमध्ये पाणी मिसळलं की उष्णता निघते म्हणून काही जण म्हणतात पाणी लावू नका, ते चूक आहे. मग्गाभर पाणी लावू नका हे बरोबर, एकदम भरपूर लावा, म्हणजे उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते.

आणि उतारा म्हणून काही लावायचं नाही. कॉस्टिकवर लिंबू, ॲसिडवर खायचा सोडा, हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे, कातडीवर त्या क्रियेची उष्णता निघते आणि वेळ जातो तो वेगळा. हळद, टूथपेस्ट, खोबरेल, तूप, दही, काही नाही. एकच मोठा अपवाद, गंज काढायच्या काही केमिकलमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते पाण्यानं धुऊन झाल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, आणि चट्टा लहान दिसला तरी लगेच दवाखाना, कारण ते हाडापर्यंत जातं आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून हृदय बंद पाडू शकतं. तुमच्याकडं ते वापरत असतील तर जेल आधीच आणून ठेवा.

पाणी, आणि सोलापुरातलं पाणी

अमेरिकन स्टँडर्डमध्ये सेफ्टी शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी सोडतो आणि तो पंधरा मिनिटं चालायला पाहिजे. गुणाकार करा, अकराशे लिटरच्या वर गेलं, एका माणसासाठी. आणि तो शॉवर केमिकलच्या जागेपासून दहा सेकंदांच्या अंतरावर. आता आपल्याकडं महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, अपघात काय पाण्याचा वार बघून होत नाही. म्हणून सेफ्टी शॉवरची टाकी वेगळी पाहिजे, तिचा कॉक बाकी कुठल्याही कामाला जोडलेला नको, कोणी हातपाय धुवायला, गाडी धुवायला त्यातलं पाणी घ्यायचं नाही, आणि आदल्या पाण्याच्या दिवशी ती भरली का हे कोणी बघितलं त्याची सही.

एवढी मोठी टाकी नसेल, लहान डाईंग असेल, तर निदान झाकणाचे दोनशे लिटरचे दोन बॅरल आणि हँडशॉवर किंवा पाइप. मिनिटाला दहा लिटरनं पाणी सोडलं तरी एक बॅरल वीस मिनिटं चालतं. मालकाला हा हिशोब सांगा, ऐकतात लोक, मला तरी आत्तापर्यंत आकडा दाखवल्यावर नाही म्हणणारे कमी भेटलेत.

एप्रिल-मेमध्ये अजून एक गोष्ट. आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी आणि उन्हातल्या पाइपमधलं पाणी हात भाजेल एवढं तापतं. तसलं पाणी केमिकल पडलेल्या अंगावर घेतलं तर कातडीतून केमिकल आत जायचा वेग वाढतो, जखम तर वाढतेच. टाकीवर सावली करा, पाइप गोणपाटानं गुंडाळा, आणि पहिलं तापलेलं पाणी जमिनीवर सोडून मग माणसाला खाली घ्या, काही सेकंदांचं काम आहे. पाणी कोमट किंवा साधं. थंडीत मात्र उलटं, डिसेंबरच्या पहाटेच्या शिफ्टला माणूस वीस मिनिटं पाण्याखाली काकडून जातो, लहान पोरं आणि म्हातारी माणसं तर लवकर गार पडतात, तेव्हा कोरडं करून लगेच गुंडाळायची तयारी ठेवा.

धुताना वरून खाली. आधी चेहरा आणि डोळे, मग मान मागं वाकवून केस, म्हणजे डोक्यावरचं पाणी तोंडावर येत नाही. नंतर कानामागं, गळा, काख, बेंबी, जांघ, गुडघ्यामागं, नखं, पायाच्या बोटांमधली जागा. तेलकट केमिकल असेल तर साधा अंगाचा साबण किंवा पातळ भांड्यांचा साबण, मऊ स्पंज किंवा हातानंच. वजरी, नारळाची शेंडी, तारेची घासणी नको, कातडी सोलली की केमिकलला रस्ता मोकळा. ब्लीच मिसळलेल्या पाण्यानं माणसाला धुवायची जुनी पद्धत कुठंतरी वाचायला मिळेल, ती करू नका.

ॲसिड, कॉस्टिकला निदान पंधरा ते वीस मिनिटं, आणि कॉस्टिकला त्याच्याही पुढं. कॉस्टिक फसवं आहे. ॲसिड पडलं की माणूस लगेच बोंबलतो, कॉस्टिक पडलं की सुरुवातीला नुसतं बुळबुळीत लागतं, दुखत नाही, आणि माणूस म्हणतो झालं, सुटलो. ते बुळबुळीत म्हणजे त्याच्या कातडीतल्या चरबीचा साबण होतोय. बुळबुळ गेली तरी थांबू नका. डाईंगमध्ये रंगाचा बाथ चेक करायला पीएच पेपर, म्हणजे ॲसिड-कॉस्टिक ओळखायचा कागद, असतोच, धुऊन झाल्यावर ओल्या कातडीला तो लावून बघा, सातच्या आसपास पाहिजे. मग दहा मिनिटं थांबून परत लावा, कारण आत शिरलेलं कॉस्टिक हळूहळू वर येतं. परत निळा झाला तर परत पाणी. या एका सवयीनं मी हातावरचे खोल व्रण टळलेले बघितलेत, आणि पेपरचा रोल मालाला लागतो त्यातलाच, वेगळा खर्च नाही.

डोळ्याचं वेगळं. डोळा माणूस घट्ट मिटून घेतो, जबरदस्तीनं उघडून धरावा लागतो, अंगठा आणि बोटानं दोन्ही पापण्या ताणून. ज्या डोळ्यात गेलंय तो खालच्या बाजूला, पाणी नाकाकडून बाहेर कानाकडं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पाण्याचा जोर मारायचा नाही, पाइपमधून हळू धार, वीस मिनिटं, कॉस्टिक किंवा चुना असेल तर रुग्णवाहिकेतही चालू ठेवायचं, सलाइनची बाटली वापरून. डोळे फिरव, वर बघ, खाली बघ असं सांगत राहा. चुन्याचा खडा पापणीखाली अडकतो, वरची पापणी उलटून बघायला शिकून घ्या.

फवारणीचं औषध

शेतकऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला पाहिजे, कारण इथं आग होत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. पंप गळतो, पाठीवरून कमरेपर्यंत शर्ट-पँट भिजते आणि माणूस तसाच संध्याकाळपर्यंत फवारतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अखंड कातडीतून शरीरात जातात, आणि सगळ्यात वेगानं जांघेतून आणि अंडकोषाच्या कातडीतून, हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले ते आपण सगळ्यांनी वाचलंय. तेव्हा पंप गळला की पँट तिथंच काढायची, साबण आणि पाण्यानं आंघोळ, डोकं आणि नखांसकट. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, लाळ, घाम, डोळ्यातून पाणी, स्नायू फडफडणं, छातीत घरघर, हे दिसलं की १०८. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही. उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही.

द्राक्षवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, छाटणीनंतर काडीला डोळे फुटायला जे हायड्रोजन सायनामाइड लावतात ते हातानं लावताना अंगावर येतं, आणि ते लागल्यावर दारू घेतली की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, बीपी खाली जातो. काम करायच्या आधी आणि नंतरचे काही दिवस थेंबसुद्धा नको. मजुरांना हे मजुरी ठरवतानाच सांगा, संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

माणसं जास्त असली तर

दहा-वीस जणांवर एकदम आलं तर एकेकाला वीस मिनिटं देता येत नाहीत. आधी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणा आणि सगळ्यांना एकदमच कपडे काढायला लावा. मग ज्याच्या अंगावर द्रव दिसतोय, ज्याला दम लागतोय, जो जागेच्या सगळ्यात जवळ होता, तो आधी. फायर ब्रिगेडच्या दोन गाड्या समांतर लावून मधून तुषार सोडतात आणि लोक त्याखालून चालत जातात, त्यांनी तसं सांगितलं तर ऐका, हात वर करून, अंग वळवत चालायचं. घाण बाजू आणि स्वच्छ बाजू यांच्यात जमिनीवर एक रेघ मारा, चुन्याची नको, दोरीची किंवा विटांची, आणि धुतलेला माणूस त्या रेघेच्या मागं परत जाता कामा नये. नुसता गॅस लागलाय, अंगावर काही सांडलेलं नाही, आग होत नाही, तर त्याला मोकळी हवा आणि वरचे कपडे काढणं एवढं बहुतेक वेळा पुरतं, रांगेत उभं करून पाणी संपवू नका.

धुतलेलं पाणी कुठं जातं? शक्य असेल तर बांध घालून ईटीपीकडं वळवा. पण माणूस जळत असताना गटारीचा विचार करत थांबायचं नाही, नंतर महापालिकेला कळवा.

नंतर

पाठवण्याआधी दवाखान्याला फोन करा, सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय असो की जवळचं कुठलंही, की असा असा माणूस, हे केमिकल, एवढी मिनिटं धुतलंय. लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका आणि माणसाबरोबरही द्या. दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो. फोडांवर काही लावू नका, स्वच्छ कोरड्या सुती कापडानं झाका, टेरी टॉवेल नको, त्याचे धागे जखमेला चिकटतात.

मदत करणाऱ्यांनीही शेवटी स्वतः धुवायचं, ग्लोव्हज सगळ्यात शेवटी काढायचे, आणि त्याआधी चहा, तंबाखू, विडी काही नाही. चामड्याची चप्पल, पट्टा, पाकीट धुऊन स्वच्छ होत नाही, टाकून द्यायचं, गरीब माणसाला नवीन चप्पल कंपनीनं घेऊन द्यावी. पिशवीतले कपडे घरी पाठवू नका, जाळूही नका, धूर तेवढाच वाईट. फवारणीचे कपडे घरच्या बाकी कपड्यांत भिजवायचे नाहीत, बायको किंवा आई ते हातानं चोळते आणि तिच्या हाताला औषध लागतं, वेगळी बादली, रबरी हातमोजे, पहिलं पाणी वेगळं टाकायचं आणि कपडे उन्हात वाळवायचे.

क्लोरीन किंवा तसला छातीला लागणारा गॅस घेतलेला माणूस दुपारी बरा वाटतो म्हणून घरी जातो, पण फुफ्फुसात पाणी कित्येक तासांनी भरू शकतं, म्हणून डॉक्टर चोवीस तास थांबवून ठेवत असतील तर नातेवाइकांनी घरी न्यायचा हट्ट करू नये. त्यातूनही घरी सोडलं तर घरच्यांना समोर बसवून सांगा, आज रात्री याला एकट्याला झोपू देऊ नका, मेहनतीचं काम नाही, जिना चढउतार नाही, आणि खोकला वाढला, आडवं झाल्यावर दम लागला, ओठ निळसर दिसले, थुंकीला फेस आला, तर सकाळची वाट न बघता १०८ लावायचं आणि फोनवर पहिल्या वाक्यातच सांगायचं की दुपारी याला अमुक गॅस लागला होता.